ताईसाठी माणूस

काचवाल्याने चाळीस वर्षांत माप चुकवलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र त्याने एका औषधाच्या दुकानाच्या शोकेसची काच चक्क एक इंच आखूड कापली, आणि चूक लक्षात आल्यावर घाईघाईने दुसरी काच उचलताना तिच्या धारेने तळहात कापून घेतला. तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, की सलग सहा तास तुम्ही शेवटचे कधी झोपलात? काचवाला आठवत बसला. टाके घालून झाले, पट्टी बांधून झाली, तरी त्याला आठवेना.

कारण होतं ताईचं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालणारी, शाळेत पोचवणारी, तापात उशाशी बसणारी ती ताईच. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर झाली. चाळीस ऑपरेटर मुली तिच्या हाताखाली होत्या आणि ती हॉलमध्ये शिरली की त्यांच्या गप्पा आपोआप बंद पडायच्या. आता ती अठ्ठ्याहत्तरची. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत एकटी. दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर आणला, ताईला घरी आणलं, आणि तिथून काचवाला आणि त्याची बायको यांची तारेवरची कसरत सुरू झाली. बायको सकाळी ताईंची अंघोळ उरकून मग लायब्ररीतल्या नोकरीवर पळायची. तो दुकान आटोपून यायचा आणि रात्री पॅसेजमधल्या खाटेवर एक कान उघडा ठेवून पडायचा.

कोणीतरी राहायला ठेवू या, असं बायको पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती. काचवाला ऐकून घेई आणि विषय बदले. जिने आपल्याला अंगाखांद्यावर वाढवलं तिला परक्या बाईच्या हाती द्यायचं, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं. पण त्या दिवशी पट्टी बांधलेला हात बघून बायको आरडाओरडा न करता एवढंच म्हणाली, "अहो, आज काच निसटली. उद्या ताईंना उठवताना हाच हात निसटला तर?"



दुसऱ्या दिवशी तो माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेत गेला. तिथल्या बाईंनी चार पानी फॉर्म पुढे केला. वजन किती, ऐकू येतं का, पथ्य काय, इथपर्यंत ठीक होतं. शेवटी एक ओळ होती: स्वभाव. काचवाल्याने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि 'शिस्तीचा' असं लिहिलं. बाईंनी ते वाचून चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. असे पुष्कळ शिस्तीचे त्यांनी पाहिले असावेत.

पहिली जी आली ती सोन्यासारखी मुलगी होती, फक्त तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू. चौथ्या दिवशी ताईने भावाला सांगितलं, की मी तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांची बडबड ऐकली आहे, तीही पगार घेऊन. आता फुकट ऐकणार नाही. दुसरी अबोल होती, पण ताईशी बोलायची वेळ आली की लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची. "चला, आता शहाण्यासारखं तोंड उघडायचं" असं ती म्हणाली आणि ताईने तोंड उघडलं खरं, पण ते तिला घरी पाठवण्यासाठी. संध्याकाळी काचवाला पोचला तेव्हा बाई बॅग भरून जिन्यात बसली होती.

काचवाल्याने हात टेकले. संस्थेतल्या बाईंना मात्र काहीच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, एक आहेत, पण त्या आधी घर बघतात, मग हो म्हणतात.

ती तिसरी बाई पन्नाशीची, रुंद खांद्यांची, पायात जाड तळाचे बूट. आधी वीस वर्षं पार्सल ऑफिसात माल चढवायचं-उतरवायचं काम केलेलं, ते बंद पडल्यावर या कामाचं शिक्षण घेतलेलं. तिने ताईच्या पलंगाची उंची बघितली, बाथरूमची फरशी पायाने घासून बघितली, आणि मग तीन गोष्टी सांगितल्या. तिला दार लागेल अशी स्वतःची खोली हवी होती, दुपारी दोन तास सुट्टी, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा.

काचवाला गडबडला. म्हणाला, खोलीचं जरा अवघड आहे, पॅसेजमध्ये खाट आहे, मी तिथेच झोपतो.

"म्हणून तर तुमचा चेहरा असा झालाय, दादा," बाई म्हणाली. "झोप झाली नाही की माणूस माणसाला नीट उचलत नाही. वजनदार पार्सल आम्ही कधी दमलेल्या माणसाकडे दिलं नाही."

काचवाल्याला वाटलं, संपलं. ताईला पार्सल म्हणणारी बाई आता दोन मिनिटांत जिन्यात दिसणार. पण ताई पलंगावरून टक लावून तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आतली छोटी खोली हिला दे. खिडकी आहे तिला. यांचे जुने रेडिओ पडलेत तेवढे काढ."

रेडिओ एकोणीस निघाले. ताईच्या यजमानांनी एकही टाकला नव्हता आणि एकही दुरुस्त केला नव्हता. काचवाल्याने दोन दिवस खपून खोली मोकळी केली, खिडकीची तडकलेली काच बदलली, दाराला आतून कडी लावली. शनिवारी बाई एक सुटकेस आणि स्वतःची उशी घेऊन राहायला आली. ताईने त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं पार्सलबाई, आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण काचवाल्याचा जीव कुठला थाऱ्यावर? तो घरी झोपायला लागला, तरी पहाटेच जागा व्हायचा. दुकानातून दिवसाला सात-आठ फोन. गोळी दिली का, चालवलं का, सूप गरम होतं का. दुपारी बायको समजे तो दुकानात आहे, गिऱ्हाईक समजे तो जेवायला गेलाय, आणि तो ताईच्या दारात उभा असायचा. आला की पार्सलबाईला बाजूला सारून तोच ताईला धरायला धावायचा. पार्सलबाई ओटा पुसत लांब उभी राही.

दहाव्या दिवशी तो निघाला तेव्हा ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, राग मानू नका. तुम्ही येणार असलात की ताई पाणी पीत नाहीत."

त्याला आधी कळेचना. मधल्या काळात ताईला दोनदा लघवीची जळजळ होऊन ताप आला होता. पाणी कमी पडतंय, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याने स्वतः तिच्या उशाशी खुणा केलेली बाटली ठेवली होती. ती रोज रिकामी व्हायची. तो रोज बघायचा.

"ती बाटली पलंगाजवळच्या खिडकीतल्या कुंडीत रिकामी होत होती," पार्सलबाई म्हणाली. "रोपटं कुजलंय बघा मुळापासून. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे त्याला उठवावं लागतं. आता मी आहे तर सहा ग्लास पितात. पण तुम्ही यायच्या दोन तास आधी बंद."

काचवाला एक मजला खाली उतरला, थांबला, आणि परत वर आला. ताई खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होती. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि त्याने सरळ विचारलं, खरं का हे?

ताईने वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, कडा जुळवून. मग म्हणाली, "खरं आहे. तू दिवसभर काचा उचलून यायचास. तुला हाक मारायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं. आणि भावाने मला तिथे धरून उभं करायचं, हे मला आवडत नव्हतं. तुला आवडत होतं का?"

बाथरूमच्या दारात तो दर वेळी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, ते दोघांनाही माहीत होतं.

"हिला हाक मारायला मला काही वाटत नाही," ताई म्हणाली. "तिचं ते काम आहे आणि ती ते चोख करते. कामाच्या माणसाला काम सांगायची मला सवय आहे. तू माझा भाऊ आहेस, तू भाऊ म्हणून ये. दोन महिने तू आलास, पण आपण बोललो काय? गोळ्या आणि पोट साफ झालं का!"

काचवाल्याला आधी तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस आपण जीव टाकून जे केलं त्याचं हे फळ, असं क्षणभर वाटून गेलं. पण त्यामागोमाग दुसरंच काहीतरी झालं. खांदे खाली आले. पाठीतली कळ, जी दोन महिने होती आणि जिच्याकडे बघायला वेळ नव्हता, ती सैल झाली. ताईला तो नको नव्हता, त्याचं ते धरणं-उचलणं नको होतं, आणि तेच तर त्यालाही झेपत नव्हतं. एवढी साधी गोष्ट दोघांनी एकमेकांपासून लपवली, तीही एकमेकांच्या मायेपोटी. त्याला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. ताईने रुमाल पुढे केला आणि नाक नीट पूस म्हणून सांगितलं.

ठरलं ते असं: त्याने रविवारी आणि बुधवारी यायचं, पाहुण्यासारखं. पार्सलबाईच्या सुट्टीच्या दिवशी बायकोने यायचं. फोन दिवसातून एक, तोही ताईला, बाईला नाही. पहिला आठवडा काचवाल्याने कसाबसा काढला. दुसऱ्या आठवड्यात एकदा तो दुपारी दुकानात बसल्या बसल्या घोरला, आणि बायकोने कामावरून परस्पर दुकानात येऊन त्याला हलवलं तेव्हा त्याने 'ताई कशी आहे' न विचारता 'चहा आहे का' असं विचारलं. बायको म्हणाली, चला, सुटला तुमचा जीव एकदाचा.

त्या रविवारी तो ताईकडे गेला तेव्हा पार्सलबाई आपल्या खोलीत दार लावून दुपारची दोन तासांची सुट्टी घेत होती. ताई वॉकर धरून स्वतः दारापर्यंत आली होती. चहा बायकोने डब्यात दिलेल्या बिस्किटांबरोबर झाला, आणि मग बोलता बोलता ताईने एक्स्चेंजमधली एक गोष्ट काढली, जी त्याने बासष्ट वर्षांत कधी ऐकली नव्हती.

दोन भाऊ रोज लांबच्या गावांतून फोनवर भांडायचे. एके दिवशी ताईच्या ऑपरेटरने वैतागून लाइनच कापली. दोघांना वाटलं, समोरच्याने फोन आपटला. आठ दिवस एकाचाही कॉल आला नाही. मग ताईने नियम धाब्यावर बसवून आधी एकाला फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या भावाला माफी मागायची आहे, लाइन धरा. मग दुसऱ्याला लावला आणि तेच सांगितलं.

"मग?" काचवाल्याने विचारलं.

"मग काय, दोघंही माफी ऐकायला थांबले. कोणीच बोलेना. मी मधे बसून मिनिटं मोजतेय." ताई हसायला लागली, आणि हसताना तिने खुब्यावर हात ठेवला, कारण अजून थोडं दुखायचं. "शेवटी थोरला म्हणाला, काय रे, जेवलास का?"

काचवाला इतका मोठ्याने हसला, की आतल्या खोलीचं दार उघडून पार्सलबाई बाहेर आली. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. तिच्या सुट्टीची अजून वीस मिनिटं बाकी होती. दोघा बहीणभावांनी शाळेतल्या पोरांसारखी तोंडावर हात ठेवून माफी मागितली. ती आत गेली, आणि ताईने ग्लास उचलून भावासमोर पाणी प्यायलं. सगळं.