चौथा आकडा

संध्याकाळचे पाच वाजले की अर्चनाताई चहाचा कप बाजूला सारून मंडळाची वही उघडत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कांचघर वस्तीतल्या मराठी मंडळाने आजारी घरांची यादी केली होती. रोज एकेका घराला फोन करून ऑक्सिजनचे आकडे लिहून घ्यायचे काम शाळेतून निवृत्त झालेल्या अर्चनाताईंकडे आले होते. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की मंडळाने खटपट करून मिळवलेले ऑक्सिजनचे यंत्र त्या घरी जायचे. सुरुवातीला त्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलत. महिन्याभराने नुसते आकडे विचारू लागल्या. त्या फार थकल्या होत्या.

अकरावे घर मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांचे.

"हां अर्चनाजी, लिहा. माझा शहाण्णव. मोठ्या प्रथमेशचा पंच्याण्णव. धाकट्या वेदांगचा सत्त्याण्णव."

"अन् सुनेचा? विनताचा?"

"ती ठीक आहे हो. आमच्यासाठी काढा करून राहिली."

मागे कोणीतरी खोकले आणि कुकरची शिट्टी झाली. अर्चनाताईंनी लिहिले, 'घर अकरा, सर्व ठीक.' अजून वीस घरे बाकी होती.

घरातल्या तिन्ही पुरुषांची तपासणी झाली होती, विनताची नाही. तिलाही ताप होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. पण ती ओट्याशी उभी होती, आणि आपल्याकडे उभ्या असलेल्या बाईला आजारी धरत नाहीत. एकदा फोन तिनेच उचलला. अर्चनाताईंनी विचारले, "तुझा किती, विनता?"

"पाहते नं काकू. एवढ्या पोळ्या झाल्या की पाहते."

अर्चनाताई बरं म्हणाल्या आणि बाराव्या घराकडे वळल्या.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी विनता ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात तिच्या बोटाला पहिल्यांदा ऑक्सिजन मोजायची मशीन लागली, तेव्हा आकडा एकसष्ट होता. दोन दिवसांनी ती गेली. ऑक्सिजनचे यंत्र त्या सगळ्या दिवसांत मंडळाच्या खोलीत चादरीखाली झाकलेले होते.

लाट ओसरल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत बापूसाहेब आणि विनताचा नवरा प्रथमेश मान खाली घालून बसले होते. सचिव प्रल्हादभाऊंनी लिहिलेला ठराव अर्चनाताईंनी वाचायचा होता. त्यांनी चष्मा लावला.

"विनताताई म्हणजे त्यागाची मूर्ती. स्वतःचे दुखणे विसरून त्यांनी..."

पुढे त्यांना वाचवेना. त्यांनी कागद खाली ठेवला.

"मी हे वाचणार नाही, प्रल्हादभाऊ."

"काहून ताई? चांगलंच तर लिहिलं आहे!"

"म्हणूनच नाही वाचत. विनता काही दुखणं विसरली नव्हती. आपण तिला विचारलंच नाही. नऊ दिवस मी या हातानं 'सर्व ठीक' लिहिलं. मलाही घाई झाली होती."

बापूसाहेबांनी मान वर केली. "तिनं कधी सांगितलं नाही हो आम्हाला. एकदा तरी बोलायचं."

"तुम्हाला कुठं सांगावं लागत होतं? रोज तुमच्या बोटाला ती मशीन कोण लावत होतं, बापूसाहेब?"

उत्तर प्रथमेशने दिले.

"विनताच लावायची."

त्या दिवशी ठराव झाला नाही. अर्चनाताईंनी सभा उधळली, असे काहीजण बाहेर पडताना म्हणाले. त्यांनी ते ऐकले आणि त्या घरी गेल्या. भांडायला त्यांच्यात त्राण नव्हते, पण आपण चुकलो असे त्यांना एकदाही वाटले नाही.

जानेवारीत आजार पुन्हा आला. पुन्हा पाच वाजले, पुन्हा वही उघडली. पहिल्याच घरी पलीकडून घाईचा आवाज आला.

"हां दीदी, लिहा. माझा सत्त्याण्णव, बाबांचा..."

"थांबा भैया. आधी स्वयंपाकघरात जा अन् फोन तिथं द्या."

"अहो, ती भाजी फोडणीला घालून राहिली."

"म्हणूनच तर. द्या."

थोड्या वेळाने एक दमलेला आवाज आला. "हो, काकू?"

"गॅस बंद कर बेटा. खाली बस. बोट घाल मशीनीत."

"आता? नंतर सांगते नं."

"आत्ताच. मी थांबते."

अजून तीस घरे बाकी होती. अर्चनाताई फोन कानाला लावून थांबल्या.