माझं पोट रिकामं करू नका

मी एका जुन्या मोटारगाडीचा डायनामो बोलतोय. आवाज घरघरतो, त्याला इलाज नाही. सत्तरी कधीच उलटली, आणि त्यातली पन्नासेक वर्षं मी नुसती पडून काढली. पडून राहिल्याने जो थकवा येतो तो काम करून कधी येत नाही. पटत नसेल त्याने फळीवर वर्षभर पडून पाहावं.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मी जन्मलो. एका बाईने तांब्याची तार गुंडाळून माझं पोट भरलं, दुसरीने वरून सुती फीत आवळली, आणि शेवटी एका माणसाने हातोडीच्या ठोक्याने माझ्या पोलादी अंगावर चार आकडे उमटवले : अकरा, त्रेपन्न. म्हणजे त्रेपन्न सालचा नोव्हेंबर. पुढे माझ्या जिवावर उठले ते हेच चार आकडे.

माझी पहिली मालकीण मिस इन्स्टोन. सुईणबाई. इंजिनाबरोबर मी फिरायचो, फिरता फिरता वीज करायचो, आणि त्या विजेवर तिचे दिवे चालायचे. टेकडीच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली की बाई ओरडायची, "चल ना रे मेल्या, तिकडे बाळाचं डोकं दिसायला लागलंय!" मी चालायचो. किती पोरं माझ्या उजेडात जगात आली, कुणी मोजली?

सतरा वर्षांनी माझे कार्बन, म्हणजे फिरत्या तांब्यावरून वीज उचलणारे ठोकळे, झिजले. तेव्हा गॅरेजांत रीतच होती : जुना द्या, दुरुस्त केलेला घेऊन जा. बाईने मला दिलं, दुसरा घेतला आणि गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी रागावलो नाही. तिला कुणाच्या तरी दारी वेळेत पोचायचं होतं.

मग फळी. मग पोतं. मग कुणाच्या तरी शेडमधला ओला कोपरा. अखेर एका रविवारी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, ओल्या गवतावरच्या ताडपत्रीवर मी पडलो होतो. तिथे डेरेक टिमिन्स भेटला. पन्नाशीचा, गुडघ्यांवर चिखल, हातात टॉर्च. त्याने अंगठ्याने माझा गंज पुसला आणि किंचाळला, "अकरा त्रेपन्न! हाच तो!" मला छातीशी धरलं. मी मूर्ख, मला वाटलं, चला, कुणीतरी आपलं भेटलं.

डेरेकची गाडी चोपन्नच्या जानेवारीतली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पंच वाकून वाकून आकडे बघतात. डायनामो गाडीच्या थोडा आधी जन्मलेला असला तरच गुण. पण त्याला हवं होतं फक्त माझं कातडं. आतली तार काढून फेकायची आणि पोटात आजकालचं यंत्र बसवायचं, म्हणजे दिवे लख्ख. बाहेरून आजोबा, आतून नातू!

त्याआधी त्याने मला घरी एकदा फिरवून पाहिलं. मीटरचा काटा शून्यावरून हलला नाही. "मेलेलाच आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या मनातली उरलीसुरली टोचणीही गेली.

मला घेऊन तो क्रॅडली हीथला मिसेस फॉक्सॉलकडे आला. एड्ना फॉक्सॉल, वय एकोणऐंशी. डायनामो दुरुस्तीची विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. जळके डायनामो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून उघडून ती शिकली होती.

"याचं पोट रिकामं करून द्या," डेरेक म्हणाला.

"मी खाटीक आहे का?"

"अहो मिसेस फॉक्सॉल, तो मेलाय. मी स्वतः तपासलं."

"तू? तुझी गाडी तर सदा ट्रेलरवर. कसं तपासलंस?"

"बॅटरी जोडली. उणं टोक त्याच्या अंगाला."

म्हातारीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पोरा, तू जुन्या गाडीचे आकडे पाठ करतोस, पण तिची चाल विसरलास. आजच्या गाडीत बॅटरीचं उणं टोक अंगाला. याच्या काळात अधिक असायचं. तू त्याला उलटं पढवलंस आणि तो बिचारा उलटी वीज देत बसला. तुझा मीटर जुन्या चालीचा, त्याचा काटा खाली जायला बघत होता आणि शून्याच्या खिळ्यावर अडकला. मेलेला म्हणे!"

डेरेकचे कान लाल झाले. "तरी एवढा जुना..."

"गप. चहा टाक."

तिने माझे कार्बन बदलले. तांब्याच्या पट्ट्यांमधला, कार्बनच्या आड येणारा अभ्रक करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खरवडला. बोटं संधिवाताने वाकडी, तीन वेळा थांबली, शिव्या घातल्या, मला नाही, बोटांना. मग बॅटरीचं अधिक टोक माझ्या अंगाला लावलं आणि दुसरी तार माझ्या एका टोकाला क्षणभर टेकवली. टिचकन ठिणगी पडली.

आमच्या लोखंडात चुंबकाची आठवण असते. तीच पहिली वीज उठवते. माझी पुसट झालेली, वर उलटी वळवलेली. त्या ठिणगीने ती सरळ झाली. पट्टा लावून तिने मला फिरवलं. बल्ब आधी तांबूस झाला, मग पिवळा. डेरेकच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आता सांग. करू रिकामं?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "राहू दे."

डेरेकने मला गाडीत बसवलं. प्रदर्शनात पंच आला, वाकला, माझे आकडे वाचले, कागदावर खूण केली आणि पुढे गेला. मी जिवंत आहे का, हे त्याने विचारलं नाही. डेरेक गाडी परत ट्रेलरवर चढवायला निघाला, तर प्रदर्शन बघायला आलेली म्हातारी सँडविचचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसलेली.

"मी हिच्यातूनच घरी जाणार. चालव."

"अहो, पाऊस आहे, चिखल उडेल!"

"पुसायला हात नाहीत?"

अकरा मैल. दिवेलागणीला एका चौकात इंजिन मंदावलं, तसे दिवेही मंदावले. डेरेक घाबरला. "बघा! म्हणून मी म्हणत होतो—"

"दमतोय तो. दमू दे," एड्ना म्हणाली. "चौक सुटला की येतील."

चौक सुटला. दिवे आले.

आता मी गॅरेजमध्ये चादरीखाली आहे. दर शनिवारी डेरेक मला फडक्याने पुसतो. त्याला एवढंच सांगायचंय : बाबा रे, पुसू नकोस, फिरव. पावसात, चिखलात, कुठेही. म्हातारीची बोटं मला दुसऱ्यांदा दुरुस्त करायला आता वळायची नाहीत, आणि माझी आठवण पुन्हा पुसट व्हायला वेळ लागणार नाही.