आरशासारखे ब्रेक

मित्रांनो, मी अंगावर कवच न बाळगणारी, उघड्या इंजिनाची, रुंद हँडलची दांडगट मोटारसायकल आहे. माझ्यासारख्या मोजक्याच निघाल्या आणि प्रत्येकीच्या टाकीवर तिचा क्रमांक कोरला गेला. त्या क्रमांकाने मला शिंगं फुटली होती, खोटं कशाला बोलू?

माझा मालक मला जिवापाड जपायचा, म्हणजे चालवायचाच नाही. अधूनमधून अंगणात इंजिन सुरू करायचा, पुसायचा आणि पुन्हा चादर घालायचा. त्याची आई म्हणायची, ही गाडी कसली, घरजावईच आहे.

एकदा प्रदर्शनासाठी त्याने मला नखशिखान्त नटवलं. टायरला चकाकी आणणारा तेलकट फवारा त्याने ब्रेकच्या तबकड्यांवरही मारला. प्रदर्शनाला मी टेम्पोतून जाणार होते, मग ब्रेक लागतो की नाही याची फिकीर कोणाला? आरशासारखं रूप पाहून मीही हुरळले.

तो अंघोळीला गेला आणि त्याची धाकटी बहीण धावत आली. ती रुग्णवाहिका चालवायची. तातडीचं बोलावणं आलं होतं आणि नेमकी तिची स्कूटर हटून बसली होती. दादाला मी सांगते, असं म्हणून आईने माझी किल्ली तिच्या हातात दिली.

गल्ली सरली की उतार लागतो आणि तळाशी ट्रकांचा रस्ता. तिने पुढचा ब्रेक दाबला. तो नुसता घसरला. मागचाही तसाच. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे? तिने गिअर एकेक करून खाली आणले. मी इंजिनाच्या सगळ्या ताकदीने वेग आवरत होते, तरी ट्रक जवळ येतच होते. कडेला बांधकामाच्या वाळूचा ढीग दिसला. तिने मला सरळ त्यात घातलं.

टाकी चेपली, क्रमांक खरवडला. ती कोपर धरून वाळूत बसली होती.

अंगणात माझं इंजिन सुरू झाल्याचा आवाज ऐकून मालक ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून धावत सुटला होता. तबकड्यांवर काय मारलंय, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो पोहोचला, खाली वाकला आणि सवयीने त्याचा हात माझ्या टाकीवरून फिरला.

"दादा," बहीण म्हणाली, "मी इकडे आहे."

त्याचा हात तिथेच थिजला. मला आयुष्यात पहिल्यांदा माझी लाज वाटली.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. चकाकी राहू द्या, आधी ब्रेक बघा. आणि कधी पडझड झालीच, तर अगोदर माणसाला उचला. आम्ही वाळूत पडून राहू, आम्हाला काही दुखत नाही.