सोवळ्याचं लुगडं

आज सासऱ्यांचं श्राद्ध. तंजावरचे भटजी अकराच्या गाडीने मांबलमला उतरणार, आणि माझं एकुलतं सोवळ्याचं लुगडं शेजारीण वसंताच्या हातात! माझं डोकंच फिरलं.

“शिवलीस त्याला? आता स्वयंपाक काय नेसून करू?”

तिला बोलूच दिलं नाही. लुगडं हिसकावून हौदात बुचकळलं.

ती वळली, तेव्हा तिच्या केसांतून, साडीतून निथळणारं पाणी दिसलं. वाळत घालायची दोरी एका बाजूने सुटत होती. लुगडं चिखलात पडण्याआधी सोवळ्यानेच उचलावं म्हणून बाई आधी विहिरीवर डोक्यावरून घागर ओतून घेऊन आली होती!

मेलं माझं तोंड! आधी तिच्याकडे नीट बघितलं असतं तर?

आता ओलेत्याने चुलीपुढे धुमसतेय. भिंतीपलीकडे वसंता शिंकतेय.