सरवोनोचा होकार

"जाणार! लिहून ठेवा माझ्याकडून," मुल्यादींनी कॉफीचा पेला बाकावर आपटला. "मेदानच्या क्लबानं बोलावलंय, आणि हा कोच इथं आपल्या थोबाडाकडं बघत बसणार होय?"

"म्बाह, तुमच्या जिभेला काही हाड?" गेंडोन उसळला. "अध्यक्षांनी समोर बसवून विचारलं, राहणार ना म्हणून. कोच 'इंग्गिह' म्हणाला. इंग्गिह म्हणजे हो. आता काय स्टॅम्प पेपरवर पाहिजे?"

"तू तुझ्या सासऱ्याला सहा वर्षं 'इंग्गिह' म्हणतोयस. छप्पर बदलून देतो, इंग्गिह. बदललंस?"

यू लास्मीचं, म्हणजे लास्मीताईचं, कॉफीचं दुकान खदखदून हसलं. गेंडोन मात्र हसला नाही. तो बांतेंग या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांचा ढोलवाला. सामना असो नसो, त्याच्या तळहाताची कातडी कायम सोललेली. मुल्यादी शाळेतले निवृत्त कारकून; सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी इतरांच्या सुट्टीच्या अर्जातली खोटी कारणं वाचली होती, त्यामुळे चांगल्या बातमीवर त्यांचा विश्वास बसत नसे.

आता 'इंग्गिह' या शब्दाचं असं आहे. मोठ्या माणसानं काही सांगितलं की मान खाली घालून तो म्हणायचा. हो, ऐकलं, हो, तुम्ही मोठे, पुढचं पुढं. घोंगडं भिजत ठेवायला अख्ख्या जावात याच्यासारखा शब्द नाही. पण कोच पारुलियान पडला सुमात्राचा बातक. ती माणसं तोंडावर बोलणारी. पहिल्याच दिवशी त्यानं घरमालकिणीला सांगितलं होतं, की बाई, तुमच्या भाजीत साखर फार पडते. तेव्हा अशा माणसाचा इंग्गिह कोणत्या अर्थानं घ्यायचा, यावर स्टेडियमच्या फाटकाबाहेरच्या या दुकानात चार दिवस खल चालला होता.

आणि चालणारच. तीन वर्षांपूर्वी सुंबेरवारूचा हा संघ तिसऱ्या वर्गात तळाला होता. अग्निशामक दलाच्या पोरांकडून चार गोल खाऊन आला होता. पारुलियान आला, त्यानं दोन वर्ग वर चढवला. येत्या हंगामात बांतेंग देशाच्या पहिल्या वर्गात खेळणार होता. आजवर टीव्हीवर पाहिलेले संघ या फाटकातून आत येणार होते. कोच राहिला तर. कोच गेला, तर निम्मे खेळाडू त्याच्यामागं जाणार आणि बांतेंग वर्षभरात पुन्हा होता तिथं.

"कांगला विचारू द्या," लास्मी सोयाबीनचं तेंपे तळता तळता म्हणाली. "कोच सकाळी त्याच्याशीच तर बोलतो."

सगळ्यांनी बाकाच्या टोकाला पाहिलं. सरवोनो तिथं बसला होता. अठ्ठावन्न वर्षांचा, वाळलेला माणूस; बोटांच्या पेरांत पांढरा चुना कायमचा बसलेला. सत्तावीस वर्षं तो मैदानावर रेषा मारत होता. चार खुंट्या, एक दोरी आणि खाली चाक लावलेली चुन्याची पेटी, एवढंच त्याचं भांडवल. सगळे त्याला कांग म्हणत, थोरल्या भावाला म्हणावं तसं. पण थोरल्या भावाचं ऐकतात तसं त्याचं कोणी ऐकत नसे.

"मी?" सरवोनो म्हणाला.

"तूच. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ विचार, राहणार की जाणार," गेंडोन म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्यासाठीसुद्धा विचार, कांग."

त्याचा रोख सरवोनोला कळला. पहिल्या वर्गात गेल्यावर मैदानाचं काम सेमारांगच्या एका कंत्राटदाराला द्यायचं, रेषा यंत्रानं मारायच्या, असं कार्यालयात ठरत होतं. पारुलियाननं ते अडवलं होतं. "मी आहे तोवर रेषा हाच माणूस मारणार," असं त्यानं भर बैठकीत सांगितलं होतं. आला त्या पहिल्या दिवशी त्यानं पेनल्टीच्या चौकोनाशी उकिडवं बसून रेषेवरून नजर फिरवली होती आणि म्हणाला होता, "या क्लबात निदान एकाला तरी आपलं काम येतं." सत्तावीस वर्षांत सरवोनोला ऐकू येईल असं कौतुक तेवढंच झालेलं. त्या दिवशी तो घरी गेला आणि बायकोला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवानं गवत ओलं असतानाच कोच आला, नेहमीसारखा अनवाणी. सरवोनो मध्यरेषेची दोरी ताणत होता. त्यानं दवाविषयी सांगितलं. मग उत्तरेकडच्या कोपऱ्यात गवत पिवळं पडतंय, त्याविषयी. मग मेदानला पाऊस कसा असतो हो, असं विचारलं.

कोच हसला. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो सरवोनोला बापाक म्हणे. "बापाक, तीन वर्षं झाली मला इथं. तुमच्याकडं माणूस पावसाचं विचारायला लागला, की समजावं, खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. कोणी पाठवलं? ढोलवाल्यानं?"

सरवोनो ओशाळला. कोचनं दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि खुंटीला बांधलं.

"माझे वडील तळ्याकाठी राहतात, बालिगेला," तो म्हणाला. "नव्या वर्षात त्यांना झटका आला. उजवा हात गेला. बहीण करते सगळं. परवा फोनवर मला म्हणाले, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. तर म्हणाले, तो जावात असतो, तो यायचा नाही." कोचनं दोरीची गाठ आवळली. "मेदानहून मला दर आठवड्याला घरी जाता येईल. लोक म्हणतात पैसा. पैसा इथल्यापेक्षा कमीच आहे."

"अध्यक्षांना सांगितलंत?"

"कसं सांगू? त्यांनी हात धरले माझे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, इंग्गिह." तो कडवट हसला. "तुमच्याकडूनच शिकलो. आमच्याकडं असा शब्द असता, तर मी कधीच कोणाशी भांडलो नसतो."

मग तो सरळ सरवोनोच्या समोर उभा राहिला. "तुम्ही सांगा, बापाक. राहू की जाऊ? बाकी सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय. आमच्यात असं अडलं की वडीलधाऱ्याला विचारतात. तुम्ही राहा म्हणालात, तर राहीन. शपथेवर."

कोचकडून काही नको असलेला माणूस म्हणजे सरवोनो! त्याला सगळंच हवं होतं. पहिल्या वर्गाचा सामना हवा होता, त्या सामन्याच्या सकाळी ही दोरी ताणायची होती, साठीपर्यंतची नोकरी हवी होती. एक शब्द बोलायचा होता फक्त. तोही काही पाप नव्हता; अख्खं गाव तोच शब्द बोलत होतं.

पण त्याला त्याचा स्वतःचा बाप आठवला. एकोणीस वर्षांपूर्वी सामन्याच्या दिवशी निरोप आला होता, बाप सिरियस आहे, निघ. एक बाजू मारायची राहिली होती. अर्ध्या तासाचं काम. एवढं करू आणि निघू, म्हणून त्यानं ते केलं, आणि त्याची बस चुकली. डोंगरापलीकडच्या गावात पोचला, तेव्हा माणसं माती देऊन परतत होती. त्याच्या बहिणीनं फक्त त्याच्या पांढऱ्या हातांकडं पाहिलं. हे त्यानं कधी बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

"जा," सरवोनो म्हणाला.

कोच त्याच्याकडं बघतच राहिला.

"जा, पोरा. तो ओळखतोय तोवर जा."

पारुलियान ओल्या गवतावर खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा दांडगा माणूस, पण त्याचे खांदे हलत होते. सरवोनोला काय करावं कळेना, म्हणून तो दोरी गुंडाळू लागला. थोड्या वेळानं कोच उठला आणि म्हणाला, "रविवारचा शेवटचा सामना होईपर्यंत कोणाला बोलू नका. पोरांची मनं उडतील. सोमवारी मी स्वतः अध्यक्षांकडं जाईन. आणि वडिलांचं तर कोणालाच सांगू नका. मला माझ्या बापाच्या नावानं सहानुभूती नको."

सरवोनोनं मान डोलावली.

दुपारी दुकानात सगळे त्याची वाटच पाहत होते. लास्मीनं कॉफी न मागता पुढं ठेवली.

"विचारलंस?" गेंडोननं विचारलं.

"इंग्गिह."

"सरळ विचारलंस ना? राहतोय ना कोच?"

नाही म्हणावं तर दिलेला शब्द मोडतो. हो म्हणावं तर धडधडीत खोटं. त्यानं मान खाली घातली आणि सगळं आयुष्य जे केलं तेच केलं.

"इंग्गिह," तो म्हणाला.

गेंडोननं त्याला उचलून गरागरा फिरवलं. कोणीतरी बाकावर ताल धरला. "कोणता इंग्गिह पण?" मुल्यादी ओरडून विचारत होते. "अरे, नीट विचारा त्याला, कोणता?" पण त्यांना कोण विचारतो! लास्मी म्हणाली, आज कॉफी माझ्याकडून. सरवोनोनं त्या कॉफीला हात लावला नाही.

रविवारी पूर्वेकडच्या कठड्यावर वीस मीटर लांब कापड लागलं: 'राहिलात, आभारी आहोत'. अक्षरं गेंडोनच्या बायकोनं दोन दिवस बसून रंगवली होती. बांतेंगनं सामना जिंकला. कोचनं ते कापड वाचलं, आणि मग मैदानाच्या कडेला चुन्याची पेटी घेऊन उभ्या असलेल्या सरवोनोकडं पाहिलं. सरवोनोनं नजर वळवली. आनंदाचा दिवस असा मेल्याहून मेल्यासारखा कधी गेला नव्हता.

सोमवारी बातमी आली. कोच पारुलियान कौटुंबिक कारणानं क्लब सोडत आहेत. मंगळवारी तो गेलाही. बुधवारी कार्यालयातल्या बाईनं सरवोनोला बोलावून खुर्चीवर बसवलं. खुर्ची पुढं केली तेव्हाच त्याला उमगलं. पुढच्या महिन्यापासून विश्रांती घ्या, असं ती फार गोड बोलली.

त्यानंतर आठवडाभर दुकानात सुतक होतं, आणि सुतकात शिव्या होत्या. सरवोनो रोज जाऊन बाकाच्या टोकाला बसे. जाऊ नये असं वाटे; पण गेला नाही, तर तो खोटारडा ठरला असता.

"खाल्ल्या मिठाला जागला नाही," गेंडोन म्हणत होता. "पैसा दिसला की बातक काय आणि जावाचा काय. ते कापड मी आज फाटकात जाळणार. त्याच्या फोटोसकट."

"कौटुंबिक कारण!" मुल्यादी म्हणाले. "माझ्या शाळेत एका मास्तरची आजी पाच वेळा वारली होती."

"आणि हा!" गेंडोन सरवोनोकडं वळला. "हा मूर्ख आम्हाला इंग्गिह म्हणून आला. तुझ्यावर भरवसा ठेवला, कांग. माझ्या बायकोचे हात अजून रंगानं माखलेत."

सरवोनोला स्वतःविषयी काहीही चाललं असतं. पण फाटकात त्या माणसाचा फोटो जळणार, हे त्याला सोसवेना. आपण शब्द मोडतोय हे त्याला कळत होतं. तरीही तो उठून उभा राहिला. दुकानात तो कधी उभा राहून बोलला नव्हता.

"त्याला शिव्या देऊ नका," तो म्हणाला. "त्याचा बाप अंथरुणाला खिळलाय. तो मला म्हणाला, तुम्ही राहा म्हणालात तर राहतो. मीच सांगितलं त्याला, जा म्हणून."

गेंडोननं मुल्यादींकडं पाहिलं, मुल्यादींनी गेंडोनकडं. मग गेंडोनच्या पोटातून हसू फुटलं. मुल्यादी खोकेपर्यंत हसले. आठ दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, आणि दुकानातला एकेक माणूस हसायला लागला.

"कोच तुला विचारतो!" गेंडोन डोळे पुसत म्हणाला. "अध्यक्षांना दाद न देणारा माणूस चुनेवाल्याला विचारतो, मी राहू का जाऊ!"

"मी खरं सांगतोय."

"अरे, त्याच्यावर तुझी नोकरी उभी होती." गेंडोननं त्याच्या खांद्यावर हात टाकला. राग गेला होता. आवाजात मायाच होती. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्याइतका खुळा तू नाहीस, कांग. आम्ही ओळखतो तुला. त्याला वाचवायला बघतोयस, होय ना? भला माणूस आहेस. जाऊ दे, नाही जाळत फोटो."

सरवोनो आणखी काही सांगणार होता. दोरीचं, बापाचं, बहिणीनं हातांकडं पाहिलं ते. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि तो खाली बसला.

"हसता काय, मेल्यांनो," लास्मी करवादली. तिनं झाऱ्यानं तेंपेचे चार तुकडे काढले, ताटलीत घातले आणि त्याच्यापुढं सरकवले. "खा आधी. पोटात काही नसलं की माणूस असलं बरळतो."

तेंपे गरम होतं. सरवोनोनं एक तुकडा मोडला, त्यावर फुंकर घातली आणि खाल्ला.