डावा बूट

कुमुद जगदाळेच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही, हे जयंत प्रूफं घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मला पुन्हा टोचलं. पत्र दिवाळीआधी आलं होतं. आता इकडे राजधानीत, आमच्या मयूर विहारात सकाळी धुकं आणि कानटोप्या सुरू झाल्या होत्या.

"काका, आज संध्याकाळपर्यंत हवंय बरं का," जयंत म्हणाला. "उद्या फायनल. स्मरणिका तिथेच वाटायचीये. प्रिंटर आधीच डोकं खातोय."

जयंत माझ्या जुन्या कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास लिहायला त्यानंच मला बसवलं. मलाच का, ते मला नीटसं कळलेलं नाही. मी संघात होतो हे खरं, पण राखीव. बाकावरून उठल्याचं फारसं आठवत नाही. पुढे केंद्र सरकारच्या एका खात्यात हिंदी अनुवादक म्हणून नोकरी झाली. 'सूचित किया जाता है', 'विचार किया जा रहा है'. कोण सूचित करतंय, कोण विचार करतंय, हे वाक्यात कुठे दिसू द्यायचं नाही, एवढी एक कला मला साधली. स्पर्धेचा इतिहासही तसाच उतरला होता. पानापानावर 'ऐसा ज्ञात होता है'.

"सगळं बिल्कुल परफेक्ट आहे," जयंत म्हणाला. "फक्त महिला गट १९८२ला सुरू झाला, तिथे तुम्ही पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय. ते खोडू ना?"

"राहू दे संध्याकाळपर्यंत. त्याआधी एक सामना झाला होता. एकोणऐंशीत."

"अच्छा? रेकॉर्ड आहे?"

"नाही."

"फोटो?"

"रोल मुलांच्या फायनलसाठी राखून ठेवला होता."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

माझी सून रुचिता चहा घेऊन आली होती. "बाबांनीच बाबांना सांगितलं असणार," ती म्हणाली, "आणि बाबांचा बाबांवर विश्वास बसला नसणार."

दोघं हसले. मीही हसलो. तिचं काही चुकलं नव्हतं.

कुमुदनं साताऱ्याहून लिहिलं होतं. स्मरणिकेच्या आवाहनाखाली माझा पत्ता होता, त्याचा फोटो तिच्या नातीनं तिला पाठवला होता. 'आम्ही मुली त्या वर्षी खेळलो आणि जिंकलो. कप हातात दिला आणि लगेच बॅडमिंटनवाले परत घेऊन गेले, कारण तो त्यांचाच होता. माझी नात सलोनी तुमच्याच कॉलेजकडून खेळते. तिला मी हे सांगितलं. तिनं स्पर्धेची वेबसाइट बघितली, तिथे तसं काहीच नाही. आता मी काहीही सांगितलं की घरात सगळे ओठ दाबून हसतात. मुलगासुद्धा. तुम्ही त्या दिवशी गुणांच्या पाट्या बदलत होतात. सामना झाला होता की नाही, एवढंच लिहा.'

एवढंच लिहायचं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो, जुनी वर्तमानपत्रं चाळली. मुलांचे निकाल मिळाले, मुलींचं काही नाही. मग मला भलतीच शंका येऊ लागली. तिचं पत्र वाचून तर मला तो सामना आठवायला लागला नसेल? पुस्तकात वाचलेली गावं पुढे आपण पाहिली आहेत असं मला पुष्कळदा वाटलेलं आहे.

दुपारी घरात बसवेना. प्रूफं पिशवीत घातली आणि कॉलेजच्या मैदानावर गेलो. मुलींचा सराव चालला होता. मी कडेच्या बाकावर बसलो. जुनीच जागा.

"सलोनी, कल जीते तो कप पकड़ के रखना," एक ठेंगणी मुलगी ओरडली. "दादी वाले की तरह कोई ले न जाए!"

सगळ्या खिदळल्या. त्यांतली सगळ्यात उंच मुलगीही हसली. "छोड़ ना यार. दादी तो कुछ भी बोलती है."

मला बसल्या जागी कसंतरी झालं. त्या पोरीचा तरी काय दोष? तिनं पुरावा शोधला होता. मीही तेच करत होतो.

चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. तो घ्यायला ती उंच मुलगीच आली. तिच्या बुटाची नाडी मातीत लोळत होती.

"नाडी सुटलीये," मी म्हणालो.

"जी?"

"तुझी नाडी."

तिनं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. "मेरी नाड़ी? अंकल, आप डॉक्टर हो?"

मागे हशा पिकला. माझे कान तापले. "म्हणजे... लेस. बुटाची."

"अच्छा, लेस!" ती एकदम मराठीत आली. "आजी पण नाडीच म्हणते." आणि गुडघ्यावर बसून ती नाडी बांधू लागली.

मी बघत राहिलो. तसंच बघत राहिलो होतो मागे एकदा.

कुमुदची वेणी लांब होती. वळताना ती समोरच्या मुलींच्या तोंडावर बसायची. त्यांच्या कॅप्टननं तक्रार केली. पंच म्हणाले, बांधा, नाहीतर बाहेर बसा. रिबन कुणाकडे नव्हती. मुलं शिट्ट्या मारत होती. कुमुद सुभेदाराची मुलगी, कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. तिनं खाली बसून डाव्या बुटाची नाडी सर्रकन ओढून काढली आणि वेणी दुमडून त्या नाडीनं आवळली. शेवटी शेवटी ती धावत सुटली तेव्हा तो बूट निसटला आणि घसरत गुणफलकाशी आला. मी उचलला. ती मोज्यावर उडाली, चेंडू जाळीतून खाली आला, आणि मी बूट धरून उभा. "अरे, स्कोर! स्कोर!" लोक ओरडत होते. पाटी बदलायला माझा हात मोकळा नव्हता. मग ती आली, बूट घेतला आणि लंगडी घालत गेली.

पत्रात बुटाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"तुझी आजी..." मी म्हणालो आणि अडकलो.

सलोनी उठली. "तुम्ही आजीला ओळखता?"

बूट धरला होता, हे कसं सांगायचं? "मला बोलायला जमत नाही," मी म्हणालो. "लिहितो."

ती थोडी थांबली, मान हलवून पळाली. म्हातारा चक्रम आहे असं तिला वाटलं असणार.

मी प्रूफ काढलं. १९८२चं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं : 'महिलाओं का पहला मैच १९७९ में हुआ। मैंने देखा।' खाली पूर्ण नाव घातलं, सूर्यकांत देवल. खात्यात फाइल आली की 'देखा' लिहून सही करून पुढे ढकलायची रीत होती. पुष्कळ फाइली मी न बघताच तशा ढकलल्या. ही बघितलेली होती.

संध्याकाळी कॉलेजातच जयंतनं ते उभ्या उभ्या वाचलं. "काका, सोर्स?"

"मी."

"कमिटीत विचारलं तर?"

"मला बोलाव."

"तुम्ही येणार? मीटिंगला?" तो हसायलाच लागला. "तुम्ही तर फोनवर पण कुजबुजता, यार!"

"येईन," मी म्हणालो. त्यानं पान घडी करून खिशात घातलं आणि तिथूनच प्रिंटरला फोन लावला.

घरी येऊन उत्तर लिहिलं. आधी दिरंगाईबद्दल क्षमा मागणारं लांबलचक झालं, ते फाडलं. उरलं ते एवढंच : 'सामना झाला होता. तुम्ही जिंकलात. शेवटचा बास्केट झाला तेव्हा तुमचा डावा बूट माझ्या हातात होता. हे पत्र घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.'

दुसऱ्या दिवशी फायनलला निघताना पोस्टाच्या लाल पेटीपाशी थांबलो. पाकीट आत सोडलं आणि तेवढ्यात मनात आलं, डावा की उजवा? हात फटीपर्यंत गेलासुद्धा.

मी डोळे मिटले. टाच माझ्याकडे होती. पुढे अंगठ्यापाशी कापड झिजून पातळ झालं होतं, उजव्या कडेला. मी दोन्ही हात तसे धरून बघितले.

"अंकल, डालना है कि निकालना है?" मागे उभ्या बाईंनी विचारलं.

"डाल दिया," मी म्हणालो आणि बाजूला झालो. हात तसेच धरलेले होते. डावाच होता.