आलेलुयामधला श्वास

इर्मलिंटने गव्हाच्या लोंब्या आणि रानफुले एकत्र धरून दोरा आवळला, आणि आलेलुया या स्तुतिगीताची शेवटची तान पुन्हा एकदा घेतली. दुसऱ्या दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होता; त्या दिवशी अशा जुड्या वेदीपुढे ठेवत. मठात गाणे उचलून देण्याचा मान आजवर तिच्या आईचा, ऊडाचा. नवरा गेल्यावर लहानग्या इर्मलिंटला घेऊन ती इथे आली, ती इथलीच झाली. या वसंतात ती गेली आणि मान लेकीकडे आला.

शेवटच्या ‘या’ अक्षरावरची ती तान लांबलचक होती. म्हातारपणी दम्याने ऊडाला ती एका श्वासात जमेना. ती मध्येच थांबायची, आणि तिला एकटीला थांबावे लागू नये म्हणून सगळ्याच सिस्टर थांबायच्या. थांबता थांबता ती जागा चालीतच जाऊन बसली.

जुड्या बघायला आलेल्या मदर हाडेविगनी आता तान पूर्वीसारखी सलग घ्यायला सांगितले.

“ऊडावर माझा जीव होता गं,” त्या म्हणाल्या. “पण तिचा दमा आपण किती दिवस गात बसायचा?”

“आता तो आम्हा सगळ्यांनाच लागलाय, मदर,” लठ्ठ सिस्टर वाल्पुर्गा मान वर न करता पुटपुटली.

सगळ्या हसल्या. इर्मलिंटही हसली, फक्त हातातली जुडी तिने सोडली आणि पुन्हा बांधली. आईचे इथे दुसरे काही उरले नव्हते. झगासुद्धा उसवून वाल्पुर्गाच्या मापाचा केला होता.

सणाच्या सकाळी वेदीपुढे ओल्या पाल्याचा वास दाटला होता. इर्मलिंटने आलेलुया उचलला, मागून सगळ्या आल्या. ती जागा जवळ आली. तिने डोळे मिटले आणि ती थांबली नाही.

मागे एकदम शांत झाले. कमानींखाली तिचा एकटीचाच आवाज पुढे निघाला होता. तो कापला, पण तिने तो सोडला नाही. मग एका श्वासाएवढ्या वेळाने मागून सगळ्या आल्या आणि शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिल्या.

प्रार्थना संपल्यावर मदर दाराशी उभ्या होत्या. त्यांच्यापुढे इर्मलिंटने मान झुकवली.

“त्यांना बोलू नका, मदर. सवयीनं थांबल्या.”

मदर हाडेविगनी तिच्या खांद्यावरचा गव्हाचे कुसळ काढून टाकले.

“आज घाई तू केलीस,” त्या म्हणाल्या. “तिथं श्वास घ्यायचा असतो.”